हाक मारूनही देव ऐकत नाही असं वाटतं तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर फलटण ते बरड रस्त्याला लागून. दर आषाढीच्या आधी माउलींची पालखी आमच्या अंगणासमोरून जायची. सासरी आल्यावर इथल्या महिला भजनी मंडळात हरिपाठ सांगायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. हरिपाठ संपतो, टाळ पिशवीत भरायचे असतात, तेव्हा कुणीतरी मागे रेंगाळतं आणि बाकीच्या उंबऱ्याबाहेर गेल्या की हळूच विचारतं. तसे विचारले गेलेले प्रश्न इथे लिहिते आहे. उत्तरं वारकरी वाटेवरची आहेत, कारण मला चालून माहीत असलेली वाट तीच.

देव ऐकत नाही असं वाटतं. माझी श्रद्धा कमी पडते आहे का?

नाही. ज्याची श्रद्धाच नाही तो हाक मारत नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून त्याला दुखतही नाही. तुम्हाला दुखतंय, कारण पलीकडे कुणीतरी आहे हे तुम्ही मनाशी धरून बसला आहात.

तुकोबांचंच बघा. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. देहूतलं हे घर चांगलं खातंपितं, महाजनकी असलेलं, सावकारी करणारं. त्या दुष्काळात सगळं गेलं. पहिली बायको गेली, मुलगा गेला. तुकोबांनी हे झाकून ठेवलं नाही, अभंगातच सांगून टाकलं : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ ज्या घरात पिढ्यानपिढ्या विठ्ठलाची वारी होती, त्या घरातली बाई अन्न अन्न करत गेली. त्या घरात कुणी देवाला हाक मारली नसेल का? मारलीच असणार. पाऊस पडला नाही. धान्य आलं नाही.

तेव्हा प्रार्थना फळली नाही म्हणजे भक्ती खोटी, हा हिशेब लावायचा झाला तर सगळ्यात आधी तुकोबांना नापास करावं लागेल. ते करायची माझी तयारी नाही. तुमचीही नसावी.

देवावर राग येतो. त्याच्याशी भांडलं, बोललं तर पाप लागतं का?

हा प्रश्न विचारताना बायका इकडेतिकडे बघतात. म्हणून मोकळेपणाने सांगते : आपल्या संतांनी देवाला जे जे ऐकवलंय, ते तुमच्या तोंडून निघणारही नाही.

नामदेव महाराज दारात उभे राहून म्हणतात, ‘पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा । पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा ॥’ म्हणजे, तुझं नाव ऐकून आलो होतो, तू नावासारखा नाहीस, मी आपला परत जातो. जनाबाई तर ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ अशी सुरुवात करतात आणि पुढे ज्या शिव्या देतात त्या आळीत भांडण लागल्यावर ऐकू येतात तशा आहेत. मरण झालेल्या घरात बाया जे बोलतात, तेच त्या देवाला बोलतात. आणि तुकोबा? ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥’ यापुढे बोलायचं काय राहिलं?

आता मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की हे अभंग कुणी गाथेतून काढून टाकले नाहीत. शेकडो वर्षं ते म्हटले जातात, टाळ-मृदंगावर, देवासमोर उभं राहून. माणूस कितीही संतापला तरी ‘तू’ म्हणून समोरच्याशी बोलतोय तोवर नातं शाबूत आहे. परक्या माणसाशी आपण असं भांडत नाही. परक्याला नमस्कार करतो आणि गप्प बसतो.

रागाच्या भरात तुम्ही देव्हाऱ्याचं दार लावून घेतलंत, दोन दिवस दिवा लावला नाहीत, तर त्यासाठी कसलीही शांत करायला नको. तिसऱ्या दिवशी लावावासा वाटला तर लावा.

नवस बोलले होते. पुरा झाला नाही. माझं काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. आधी हे पक्कं करू.

नवसाबद्दल तुकोबांचं म्हणणं रोखठोक आहे : ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पति ॥’ नवसाने मुलं झाली असती तर नवरा कशाला करावा लागला असता? हे वाक्य घरोघरी हसत हसत सांगितलं जातं, पण ज्या बाईची ओटी रिकामी आहे तिने ते कसं ऐकावं? मी तिला सांगते की हे तुझ्यावर नाही. हे त्या लोकांवर आहे, जे तुला सांगतात की तुझा नवस नीट नव्हता, नारळ कुजका निघाला, उपास मोडला होतास म्हणून झालं नाही. तुझ्या उपासावर मूल अवलंबून असतं तर ते देवाचं देणं कसलं, ती बाजारातली देवघेव झाली. नामदेवांनी देवाला नेमका हाच टोमणा मारलाय : ‘घेसी तेव्हा देसी ऐसा असशी उदार’.

माझी आजी नवस बोलायची, मी तिला नावं ठेवत नाही. असहाय माणूस हातात असेल ते देवापुढे ठेवतो. फक्त एक पाळा : नवस फळला नाही म्हणून दुसरा मोठा बोलू नका, तो फेडायला कर्ज काढू नका. ‘अमका विधी राहिलाय, एवढे हजार द्या, मग देव ऐकेल’ असं कुणी म्हणालं, तर चप्पल घालून तिथून निघायचं.

पसायदानात तर ‘जो जें वांछील तो तें लाहो’ म्हटलंय. मग मला हवं ते का मिळत नाही?

हा प्रश्न बारावीतल्या एका मुलीने विचारला होता आणि मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. घरी येऊन पसायदान शाळेतल्यासारखं न म्हणता ओवी ओवी करून वाचलं.

1290 साली ज्ञानेश्वरी पुरी झाली, तिच्या शेवटाला हे मागणं आहे. ‘जो जें वांछील तो तें लाहो’ ही सुटी ओळ नाही. तिच्या आधी काय आहे? खळांची व्यंकटी सांडो, म्हणजे दुष्टांच्या मनातला वाकडेपणा गळून पडो. मग, सत्कर्माची त्यांना गोडी लागो. मग, भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें. मग, दुरितांचा अंधार जावो. हे सगळं झाल्यावर कुठे जो जे इच्छील ते त्याला मिळो. आणि कोणाला? पुढचाच शब्द आहे ‘प्राणिजात’. नुसतं मला नाही, सगळ्या जिवांना.

म्हणजे ते अजून पुरं न झालेलं मागणं आहे. सव्वासातशेहून जास्त वर्षं आपण ते रोज मागतोय. बघाल तिथे व्यंकटी आहे, तरी शाळेपासून कीर्तनापर्यंत सगळीकडे ते म्हटलं जातं. फळ न आलेली प्रार्थना कशी म्हणत राहायची, हे मला पसायदानाएवढं कुणीच शिकवलेलं नाही. ज्यांनी ते मागितलं ती भावंडं संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली होती, हेही त्या मुलीला पुढच्या गुरुवारी सांगितलं.

‘जे होतं ते चांगल्यासाठीच’, ‘देवाने तुझी परीक्षा घेतली’ असं लोक म्हणतात. ऐकून जीव जळतो.

जळणारच.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण हे बोलणारे लोक संतांचाच आधार घेतात. तुकोबांचा अभंग आहे, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’ मग म्हणतात, बघा, तुकोबांनीसुद्धा दुष्काळ बरा म्हटला!

पण कुणी म्हटला? ज्याचं दिवाळं निघालं त्याने. कशाबद्दल म्हटला? स्वतःच्या पीडेबद्दल. त्या दुःखातून पार गेल्यावर, मागे वळून. तुकोबा कुण्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘बरं झालं तुझं पोर गेलं’ असं म्हणाले नाहीत. ‘बरें जालें’ हे शब्द फक्त सोसणाऱ्याच्या तोंडी शोभतात. तो म्हणेल तेव्हा म्हणेल, कधीच म्हणणार नाही कदाचित, आणि त्यालाही काही हरकत नाही.

सांत्वनाला जाताना बोलणं आटोपतं घ्या. डबा न्या. लहान मुलं असतील तर त्यांची शाळेची तयारी करून द्या. आणि तुमच्याच घरी कुणी असं बोलायला आलं तर ‘आता राहू द्या’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुमच्या स्वतःच्या घरी असं कधी झालंय का?

झालंय. माझा धाकटा भाऊ. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तीन वर्षं. आई त्या तीन वर्षांत दर वेळी हरिपाठाची छोटी पोथी घेऊन दवाखान्याच्या जिन्यात बसायची. पोथीच्या कडांना हळदीच्या बोटांचे पिवळे डाग, मधलं पान शिवणीतून सुटलेलं. आत भावाच्या हातातून रक्त नळीने बाहेर जायचं आणि परत यायचं, चार तास, आणि बाहेर आई ‘हरि मुखें म्हणा’.

तो वैशाखात गेला.

त्याच वर्षी पालखी नेहमीप्रमाणे आली. सुतक फिटलं होतं. आईने पहाटे उठून दरवर्षीसारख्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, मिरचीचा खर्डा केला, दिंडीतल्या माणसांना वाढलं. मग रथ आला. सगळे पादुकांच्या दर्शनाला पुढे धावले. आई जागची हलली नाही. रस्त्याच्या कडेला, पिठाने भरलेले हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि रथाकडे नुसती बघत राहिली. हात जोडले नाहीत. रथ निघून गेला तरी तशीच. मी लांबून बघत होते. विठोबा विटेवर उभा असतो तशीच ती उभी होती, आणि दोघंही एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

माझ्यासाठी या विषयावरचं जे काही खरं ज्ञान आहे ते त्या दिवसाचं आहे. तिचा राग होता. पण भाकरी तिने केल्या होत्या.

औषधोपचार बंद करून फक्त देवावर हवाला ठेवावा का?

नाही, कधीच नाही. भावाच्या आजारपणात एक जण अंगारा घेऊन आला आणि म्हणाला, डायलिसिस थांबवा म्हणजे गुण येईल. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. गोळी घ्या आणि नामही घ्या, एकाने दुसऱ्याचा अपमान होत नाही.

चोखोबांनी तर जन्मभर हाक मारली. देवाने दार का उघडलं नाही?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. तो विचारणाऱ्या ताई स्वतः चोखोबांच्या समाजातल्या होत्या, म्हणून मी तोलून मापून उत्तर देण्याचा प्रयत्न केला नाही. जे वाटतं ते सांगितलं.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीमुळे देवळात पाऊल टाकायची बंदी. त्यांचा अभंग ‘धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद’ आजही प्रत्येक भजनात होतो, पण तो म्हणताना आपण त्याची चाल ऐकतो आणि त्यात मार खाणारा माणूस आहे हे विसरतो. बडवे, म्हणजे देवळातले पुजारी, मला मारतायत, लवकर ये, असं ते सांगताहेत. 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि त्याखाली चोखोबा गेले. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी झाली. दारासमोर. दाराच्या आत नाही.

ते दार दलितांसाठी उघडलं 1947 साली. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, त्यानंतर. सहाशे वर्षांहून जास्त काळ गेला होता.

‘बघा, देवाने शेवटी ऐकलं’ असं मी म्हणणार नाही. सहाशे वर्षांत किती पिढ्या त्या पायरीवरून परत गेल्या, त्यांना हे उत्तर पोचलं नाही. मला एवढंच दिसतं की दार देवाने लावलेलं नव्हतं. कडी माणसांनी घातली होती. आणि चोखोबांनी त्या कडीचा दोष विठ्ठलाच्या माथी मारला नाही, तो आपला आहे यावरचा हक्कही सोडला नाही. आपण ज्याला ‘देव ऐकत नाही’ म्हणतो, त्यात पुष्कळ वेळा माणसांनी न ऐकलेलं असतं. पोराला शाळेत प्रवेश मिळत नाही, सुनेचा छळ थांबत नाही, वारसाहक्काचा सातबारा अडवून ठेवलाय. अशा ठिकाणी प्रार्थना करा, आणि तक्रारअर्जही करा. ज्याच्या हातात कडी आहे त्याला गाठा.

त्या ताई त्यावर काही बोलल्या नाहीत. पुढच्या एकादशीला त्यांनीच ‘धांव घालीं विठू’ म्हटला, आणि त्या रात्री कुणाचा टाळ जोरात वाजला नाही.

प्रार्थना करायला बसते, पण शब्दच फुटत नाहीत. काय करू?

शब्द फुटत नसतील तर दुसऱ्याचे घ्या. अभंग त्यासाठीच आहेत. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेवर बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने म्हटलं, ‘नको देवराया अंत आता पाहू । प्राण हा सर्वथा जाऊ पाहे ॥’ ज्यांचा जीव खरोखर कंठाशी आलाय अशांनी हे म्हणून बघा.

तेही जमत नसेल तर नुसतं भजनात येऊन बसा. टाळ हातात घेऊ नका, कुणी विचारणार नाही. हरिपाठाची पहिली ओळच ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ अशी आहे. क्षणभर. तासभर नाही. आणि नुसतं उभं. तिथे बोलायची अटही घातलेली नाही.

किती दिवस वाट पाहायची?

तुकोबांच्या एका ओळीत याचं उत्तर नाही, पण सोबत आहे. ‘दिवाळीच्या मुळा लेंकी आसावली । पाहतसे वाटुली पंढरीची ॥’ मूळ म्हणजे सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस येणं. ज्या बायका आता साठीच्या आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. वसुबारस झाली, धनत्रयोदशी झाली, शेजारणींचे भाऊ येऊन गेले, आपल्या दारात कुणी नाही. तरी प्रत्येक एसटीच्या आवाजाला ती पोर पदराला हात पुसत दाराशी येते. माहेर आहे यावर तिचा संशय नसतो. फक्त आज का नाही, एवढंच तिला कळत नसतं.

आणि दुसरी गोष्ट पुंडलिकाची. आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दाराशी आला तर म्हणाला थांब, आणि बसायला नव्हे, उभं राहायला वीट फेकली. अठ्ठावीस युगं तो उभाच आहे. आपल्या देवाची ओळखच ‘वाट पाहत उभा राहिलेला’ अशी आहे. वाट पाहणं म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नसणार.

वर्षानुवर्षांची वारी चुकली. त्यामुळे देव रुसला असेल का?

2020 साली करोनामुळे पायी वारी झालीच नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2021 मध्येही तसंच. सगळ्यांचीच चुकली. सावता माळी तर पंढरपूरला गेलेच नाहीत असं सांगतात, ते मळ्यातल्या कांद्यामुळ्यात विठाई बघत होते. नाही रुसला.

लहान मुलं विचारतात, ‘मी रोज बाप्पाला सांगत होते, तरी बाबा का गेले?’ त्यांना काय सांगायचं?

‘बाबा बाप्पाला आवडले म्हणून त्याने नेले’ हे सांगू नका, हात जोडून सांगते. माझ्या भाचीला कुणीतरी हे सांगितलं आणि ती कितीतरी महिने देवघरात एकटी जाईना. आपल्यालाही नेईल, आईलाही नेईल अशी भीती.

खरं ते सोप्या शब्दांत सांगा. बाबांचं शरीर खूप आजारी होतं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते बरं झालं नाही. तू मागितलंस ते चांगलंच मागितलंस. तुझं काही चुकलं नाही. बाप्पाने का नाही ऐकलं ते मला माहीत नाही, मलाही त्याचा राग येतो. आपण दोघी मिळून त्याला विचारू या. भाचीने एकदा खरंच विचारलं, देव्हाऱ्यासमोर मांडी घालून, ‘का रे?’ एवढंच. मग उठून खेळायला गेली.

जगूच नये असं वाटतं. हे कुणाला सांगू?

आज, आत्ता, घरातल्या किंवा शेजारच्या कुणालातरी सांगा. ते जमत नसेल तर टेली मानसचा 14416 हा नंबर लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मदत मागितल्याने भक्तीला कमीपणा येत नाही. नामस्मरण त्यानंतरही करता येईल.

‘विश्वास ठेवा’ म्हणतात. म्हणजे रोज उठून नेमकं करायचं काय?

मला हे मोठ्या शब्दांत सांगता येत नाही. तुकोबांनी दुष्काळानंतर काय केलं ते त्यांनीच सांगितलंय : ‘देवाचें देऊळ होतें जें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥’ पडकं देऊळ होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. घर बुडालेल्या माणसाने हातात दगड-माती घेतली. समाधान, साक्षात्कार, अभंग हे सगळं नंतरचं.

तुमचंही एखादं भंगलेलं असेल ते बघा. सुटलेला हरिपाठ, अबोला धरलेली जाऊ, बंद पडलेला संध्याकाळचा दिवा. सगळं नको, एक घ्या.

आईचं सांगते. त्या वर्षानंतर ती दोन वर्षं पादुकांना पुढे झाली नाही. भाकरी मात्र केल्या. तिसऱ्या वर्षी गेली की चौथ्या, मला आठवत नाही, मी तेव्हा सासरी होते, आणि तिनेही कधी सांगितलं नाही. आता रोज दिवेलागणीला ती विठोबासमोर बसते आणि दिवसभराचं सांगते. विहिरीला पाणी किती आलं, कोण येऊन गेलं. परवा फोन लावला तर मागे तिचा आवाज ऐकू येत होता, ‘आज शेपूची भाजी केली होती रे, त्याला आवडायची.’ मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. मग तिने हरिपाठ सुरू केला.